धुक्याला मत द्या

लोकांना सगळं कळतं, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं.

लोक म्हणजे त्यांचे पेशंट. बाकीच्या लोकांशी त्यांचा फारसा संबंध येत नसे. डॉक्टर दातांचे होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक माणूस त्यांच्यासमोर आ वासून पडायचा आणि डॉक्टर त्याच्याशी गप्पा मारायचे. मुलांची शिक्षणं, रस्त्यातले खड्डे, जगाचं भवितव्य, कशावरही. समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी असल्यामुळे तो सहसा विरोध करत नसे. वीस वर्षं हे असं चाललं, की कुणालाही वाटेल सगळं जग आपल्याच मताचं आहे.

त्यांची बायको व्हिडिओ गेम बनवायची. पेशंट तिला डॉक्टरीणबाई म्हणत, पण तिने जन्मात कुणाचा दात हलवलासुद्धा नव्हता. आधी ती एका विमा कंपनीत वेबसाइटवरची बटणं ठरवायची. कुठलं हिरवं, कुठलं करडं. ते सोडून ती घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसली आणि चार वर्षं खपून तिने एकटीने एक गेम केला. नाव 'धुकं'. त्यात मारामारी नव्हती, गाड्यांच्या शर्यती नव्हत्या. एक बाई दाट धुक्यात आपल्या हरवलेल्या भावाला शोधत निघते, एवढंच. दिसत काही नाही. आवाजावरून वाट काढायची. लांब कुठे फाटक करकरतं, किटली वाजते, कुणी खोकतं, त्या दिशेने जायचं. खोकला सासूबाईंचा होता. करकर दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीची होती.

वर्षाच्या शेवटी गेमचे पुरस्कार जाहीर व्हायचे, त्यांच्या अंतिम यादीत 'धुकं' आलं. पुरस्कार दोन होते. एक परीक्षक देणार होते, दुसरा लोकांच्या मतांवर ठरणार होता. दोन्हींपैकी एक जरी मिळाला, तरी पुढच्या गेमसाठी एक मोठी कंपनी पाठीशी उभी राहणार होती. नाही मिळाला, तर काय करायचं हे बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं. विमा कंपनीने तिला परत बोलावलं होतं.

"बटणं वाट बघतायत," ती म्हणाली.

"काही बटणं नाहीत," डॉक्टर म्हणाले. तिघं जेवायला बसले होते. "परीक्षकांचं सोड. ते चारजण बंद खोलीत बसून काय ठरवतात, देव जाणे. लोकांचा पुरस्कार तोच खरा. आणि तो तुलाच मिळणार."

"लोक खेळून मत देतात असं वाटतं तुला? ओळखीवर देतात. नाहीतर चित्र बघून."

"मग तू गेम कुणासाठी केलास? लोकांसाठीच ना?"

"खेळणाऱ्या लोकांसाठी."

"मी नदीपर्यंत आलेय," डॉक्टरांच्या आई म्हणाल्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या आणि कानात काहीतरी घालून तासन्‌तास बसण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. पण ते वाक्य कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बायकोने त्याच वेळी डॉक्टरांना विचारलं, "तू खेळलायस का?"

"म्हणजे काय. चार वर्षं बघतोय मी."

हे खोटं नव्हतं. चहाचा कप ठेवायला ते मागच्या खोलीत जात, तेव्हा स्क्रीन दिसायचा. तो पांढरा असायचा.

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "एक कर. तू यात पडू नकोस."

"छे. मी कशाला पडतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या काउंटरवर एक टॅबलेट आला. त्यावर मत द्यायचं पान उघडून ठेवलेलं होतं. डॉक्टर एका पेशंटची दाढ कोरत होते. काउंटरवरच्या ताई दारातून डोकावल्या. दवाखान्याच्या चाव्या त्यांच्याकडे असत, पेशंटांची भीती त्या घालवत आणि डॉक्टर काहीही म्हणाले तरी ते निगुतीने पार पाडत.

"सर, यादीत खूप गेम आहेत. लोकांना कुठल्याला मत द्यायला सांगू?"

डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, हातात मशीन चालू होतं.

"धुक्याला," डॉक्टर म्हणाले.

"धक्क्याला?"

"हो, हो. बायकोच्या."

ताईंनी यादीत पाहिलं. नावं अकारविल्हे होती. 'धक्का' अगदी समोर होता. चित्रही छान होतं. एका सरकारी खिडकीपुढे ही भली मोठी रांग. त्याच्या खालोखाल कुठलासा पांढरा चौकोन होता, त्यावर चित्रच आलं नसावं. ताईंनी एक मोठा कागद घेतला, ठळक अक्षरांत 'डॉक्टरीणबाईंच्या धक्क्याला मत द्या' असं लिहिलं आणि काउंटरच्या पुढच्या बाजूला चिकटवला. डॉक्टर काउंटरच्या मागच्या दाराने ये-जा करत. तो कागद त्यांना कधी दिसला नाही.

'धक्का' हा गेम दोन बहिणींनी मिळून केलेला होता. एका कचेरीत रांग असते. खिडकी बंद व्हायच्या आत पुढे पोचायचं असतं, आणि ते कोपराने, पोटाने, पिशवीने ढोसत, पण खिडकीतल्या साहेबाला कळू न देता. माणसं एकमेकांवर पत्त्यांसारखी कोसळायची. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत तो खेळून पाहिला. मग रोजच खेळू लागल्या. थांबलेल्या पेशंटांनाही खेळायला देऊ लागल्या. त्यामुळे दवाखान्यात कधी नव्हे ते हसू ऐकू यायला लागलं, आणि आत खुर्चीत पडलेल्या माणसाला वाटू लागलं की बाहेर आपल्यालाच हसतायत.

डॉक्टरांना मात्र ते हसू ऐकून उमेद आली. ते स्वतः हात धुवून मतांच्या मागे लागले. नुसत्या तपासणीला आलेल्याकडे एक मत मागायचं, दात काढायला आलेल्याकडे नवराबायकोची दोन. रूट कॅनालला माणूस तीनतीनदा येतो, म्हणून त्याच्याकडून अख्ख्या घराची मतं.

"बायकोने एकटीने केलाय," ते मास्कमधून सांगायचे. "नवीन प्रकारचा आहे. तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला आवडेल. जाताना बाहेर ताईंकडे मत देऊन जा."

एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते. भाषेच्या बाबतीत काटेकोर माणूस. त्यांनी बाहेर कागद वाचला होता, यादीही नीट वाचली होती, आणि त्यांना एक शंका होती. पण ती त्यांना भूल दिल्यावर आठवली.

"धु... धु... की ध..." मुख्याध्यापक बोट वर करून म्हणाले.

"दुखतंय का?"

मुख्याध्यापकांनी मान हलवली. "धुह्यं? धह्या?"

"हो हो, तोच," डॉक्टर म्हणाले. "आ करा."

त्याच आठवड्यात एकदा बायको काही कामासाठी दवाखान्यात आली. ती मागच्या दाराने आली. ताईंनी तिचा हात धरला.

"मॅडम, काय गेम केलाय हो तुम्ही. पोट धरून हसले. तो म्हातारा पडतो तेव्हा तर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं."

'धुकं'मध्ये एक म्हातारा होता. मध्यावर येऊन तो मरायचा. बायकोने ते दृश्य सहा महिने घासूनपुसून केलं होतं. ती ताईंकडे नुसती बघत राहिली, "आवडलं ना, बरं झालं," एवढं म्हणाली आणि घरी जाऊन पुन्हा ते दृश्य लावून बसली. त्यात हसण्यासारखं काय आहे ते तिला रात्रीच्या जेवणापर्यंत सापडलं नाही. जेवताना तिने सासूबाईंना विचारलं, "आई, तो म्हातारा मरतो तिथे तुम्हाला हसू आलं का?"

"हसू?" सासूबाई म्हणाल्या. "मी तिथे गेम बंद करून एक चक्कर मारून आले."

पुरस्कारवाले दर सोमवारी पहिल्या दहांचा क्रम जाहीर करत. मतांचे आकडे देत नसत, नुसता क्रम. पहिल्या सोमवारी 'धुकं' आठवं होतं. डॉक्टरांनी जोर वाढवला. दुसऱ्या सोमवारी ते नववं झालं. डॉक्टरांनी आणखी जोर वाढवला. येणाऱ्याजाणाऱ्या औषध कंपनीवाल्यांना धरलं, पाणी शुद्ध करायचं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाला धरलं, दवाखान्याच्या खालच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन सगळ्यांना वर पाठवलं. तिसऱ्या सोमवारी 'धुकं' दहांतून गेलं. आणि कुठलासा 'धक्का' म्हणून होता, तो सातव्यावरून चौथा, चौथ्यावरून दुसरा झाला.

डॉक्टर खुर्चीत बसले. पेशंटच्या खुर्चीत.

"हे सरळ नाही," ते ताईंना म्हणाले. "कुणीतरी एका जागी बसून मतं गोळा करतंय."

"असतात हो सर अशी माणसं," ताई म्हणाल्या. क्रमाकडे त्यांनी पाहिलं होतं आणि धक्का वर चढतोय म्हणून त्या खुशीत होत्या. सर का चिडलेत ते त्यांना नीटसं कळलं नाही. पहिला नंबर हवा असेल, असं त्यांना वाटलं. "आपण अजून जोर लावू."

डॉक्टरांनी घरी काही सांगितलं नाही. त्यांनी पुरस्कारवाल्यांकडे रीतसर तक्रार केली. खाली आपलं नाव, पदवी आणि दवाखान्याचा पत्ता दिला. 'धक्का' या गेमला मिळणारी मतं संशयास्पद वाटतात, ती नेमकी कुठून येतायत ते तपासावं, आणि जो कोणी हे करतोय त्याचं नाव लोकांपुढे यावं, असं त्यांनी त्यात लिहिलं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. त्यांना ते आवडलं.

पुरस्कारवाले कामाला तत्पर निघाले. दोनच दिवसांनी त्यांच्या कचेरीतल्या एका बाईंचा घरी फोन आला. तो बायकोने उचलला.

"तुमच्या यजमानांची तक्रार आली होती," बाई म्हणाल्या. "आम्ही तपासलं. त्यांची शंका खरी आहे. 'धक्का'ला खूप मतं एकाच जागेवरून पडलीयत."

"कुठली तक्रार?"

बाईंनी ती वाचून दाखवली. बायकोने डोळे मिटून ऐकली.

"आणि ती जागा कुठली?" तिने विचारलं.

"तेच विचारायला फोन केला. तक्रारीखाली जो पत्ता आहे ना, तीच."

बायकोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आमच्याकडे असं पहिल्यांदाच झालंय," बाई जरा चाचरत म्हणाल्या. "सहसा लोक आपल्या घरच्या गेमला खोटी मतं देतात. तुमच्याकडे काही... म्हणजे... घरात सगळं ठीक आहे ना?"

"आहे," बायको म्हणाली. "मी बघते."

ती दवाखान्यात गेली, आणि या वेळी पुढच्या दाराने गेली. थांबलेल्या पेशंटांपैकी दोघं टॅबलेटवर झुकून एकमेकांना ढोसत होते. काउंटरवरचा कागद तिने वाचला. मग तो सोलून काढला आणि हातात घेऊन सरळ आत शिरली. डॉक्टर एका बाईंच्या दातात सिमेंट भरत होते.

"तुझी तक्रार पोचली," बायको म्हणाली.

"कुठली... अच्छा. मग? सापडला का तो माणूस?"

बायकोने कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. डॉक्टरांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"ताई," त्यांनी हाक मारली.

ताई आल्या.

"हे काय लिहिलंय?"

"तुम्हीच सांगितलंत ना सर."

"मी धुकं म्हणालो होतो."

"नाही सर. धक्का."

"मी माझ्या बायकोच्या गेमचं नाव चुकेन का?"

"तसाच पुन्हा म्हण," बायको म्हणाली. "मास्क काढू नकोस."

"धुकं," डॉक्टर म्हणाले.

"बघा," ताई म्हणाल्या. "धक्का."

खुर्चीतल्या बाईंनी तोंड उघडं ठेवूनच मान डोलावली. त्यांनाही तेच ऐकू आलं होतं.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. मशीनचा आवाज, यादीतला क्रम, मुख्याध्यापकांचं वर आलेलं बोट. पण समोर सिमेंट वाळत होतं. "हे एवढं भरून घेतो," ते म्हणाले.

"भर," बायको म्हणाली. तिने बाहेर जाऊन टॅबलेट बंद केला आणि पिशवीत घातला. टॅबलेटवर खेळणारे दोघं थांबा, थांबा म्हणाले. एकजण खिडकीपर्यंत पोचला होता.

घरी कुणी आवाज चढवला नाही. डॉक्टरांना ते जास्त जड गेलं. "माझा हेतू चांगला होता," ते म्हणाले.

"माहितीये," बायको म्हणाली.

"तुझ्या कष्टांचं चीज व्हावं असं वाटत होतं."

"तेही माहितीये. चार वर्षांत तू एकदा दहा मिनिटं खेळला असतास ना, तर मला त्या बाईंशी फोनवर बोलताना एवढं विचित्र वाटलं नसतं." असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली.

सासूबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आपलेच दात, आपलेच ओठ. तुझ्याच धंद्यातली म्हण आहे."

पुरस्कारवाल्यांनी दवाखान्यातली सगळी मतं रद्द केली. 'धक्का'च्या दोघी बहिणींचा यात काही हात नाही, असंही जाहीर करून टाकलं. डॉक्टरांनी पुरस्कारवाल्यांना माफीची चिठ्ठी पाठवली. तिला उत्तर आलं नाही. पण समारंभाचं बोलावणं आलं, आणि बायको म्हणाली, यादीत आलोय तर जाऊ या, आईंनाही बघायचंय.

समारंभ दुपारी होता. मोठं सभागृह, निळे दिवे, खुर्च्यांना पांढरी कापडं. परीक्षकांचा पुरस्कार कुठल्याशा भलत्याच गेमला गेला. मुख्य परीक्षक त्यावर बराच वेळ बोलले. बोलताना त्या गेमचं नाव त्यांनी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगवेगळं घेतलं. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढऱ्या स्क्रीनसारखा होता. काही दिसत नव्हतं.

मग लोकांचा पुरस्कार. मतं रद्द होऊनही पहिला 'धक्का'च आला. दवाखान्याबाहेरसुद्धा जग होतं, आणि त्या जगालाही रांगेत ढोसाढोशी करायला आवडत होतं.

दोघी बहिणी मंचावर गेल्या. धाकटी नुसती हसत उभी राहिली, थोरली बोलली. आईवडिलांचे, मैत्रिणींचे आभार मानले. मग म्हणाली, "आणि एका दंतवैद्यांचे. ते आमच्या ओळखीचे नाहीत. आमच्यासाठी त्यांनी जेवढी मतं मागितली तेवढी आमच्या सख्ख्या काकांनीही मागितली नाहीत. ती बाद झाली ते सोडा. ते इथे असतील, तर त्यांच्यासाठी टाळ्या."

सभागृहात टाळ्या पडल्या. सवयीने डॉक्टर अर्धे उठले, मग आपण कशासाठी उठतोय ते लक्षात येऊन बसले. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून त्यांच्याशी हात मिळवला.

नंतर चहाच्या टेबलापाशी थोरली बहीण बायकोला शोधत आली.

"तुमचं धुकं खेळले मी," ती म्हणाली. "दिवे घालवून. आमचा पुढचा गेम इस्पितळात होतो. त्याला आवाज हवेत. आम्हाला दोघींना माणसं पाडता येतात, आवाज येत नाहीत. तुम्ही कराल का? मोठ्या कंपनीचं पाठबळ आहे आता."

बायकोने चहाचा एक घोट घेतला. "खोकला हवा असेल तर तो आईंचा आहे," ती म्हणाली. "त्यांना विचारावं लागेल."

"मी देईन," सासूबाई म्हणाल्या. "पण माझं नाव यायला हवं."

परत येताना गाडी डॉक्टर चालवत होते. बायको शेजारी, आई मागे. बायकोने विमा कंपनीला फोनवरच नकार कळवला. डॉक्टरांचा जीव जरा भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की ते बोलायला लागत.

"तरी मी म्हणतो, लोकांना कळत नाही," ते म्हणाले. "इतका चांगला गेम सोडून ढकलाढकलीला पहिला नंबर?"

"मी धक्क्यालाच मत दिलं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"समोर बघ. चांगला गेम आहे तो. मला जमला नसता. पाच मिनिटांत कळतो, आणि महिनाभर सोडवत नाही. लोकांनी बरोबर निवडलं. कशामुळे निवडलं ते देव जाणे, पण बरोबर निवडलं."

"मग धुक्याला?"

"मी दिलं," मागून आई म्हणाल्या. "पूर्ण संपवून दिलं. शेवट मात्र लांबलाय."

"लांबलाय," बायको म्हणाली. "मलाही वाटत होतं."

चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली. बायकोने काच खाली केली, वारा घेतला आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि तू? तू कुणाला दिलंस?"

डॉक्टर आठवू लागले. टॅबलेट त्यांनी आणला होता. पान त्यांनी उघडून ठेवलं होतं. पेशंटांना, चष्मेवाल्यांना, पाण्याच्या यंत्रवाल्याला त्यांनी स्वतः काउंटरकडे पाठवलं होतं. काउंटरच्या पुढच्या बाजूला मात्र ते कधी गेलेच नव्हते.

"माझं," ते म्हणाले, "राहूनच गेलं."

बायकोने काच वर केली.

"सिग्नल हिरवा झालाय," आई म्हणाल्या.